आमची दुकानं तपासायला या: एका टॅटूवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग,
आणि राज्यातल्या सर्व महापालिका व नगरपालिकांचे आरोग्य अधिकारी

महोदय, महोदया,

कान सोनारानेच टोचावेत असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या धंद्याचे कान टोचायचे तर ते टॅटूवाल्यानेच टोचलेले बरे, म्हणून हे पत्र मी लिहितोय. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी माझं टॅटूचं दुकान आहे. पाटीवर 'स्टुडिओ' लिहिलंय, पण भाडेपावतीवर आणि आईच्या तोंडी ते दुकानच.

या दुकानाच्या पोटमाळ्यावर वापरलेल्या सुयांचे नऊ डबे पडून आहेत. पाच-पाच लिटरचे, जाड प्लास्टिकचे, झाकणाला चिकटपट्टी मारलेले, वर भरल्याची तारीख. ते कुठे द्यायचे हे विचारायला मी गेलं वर्षभर तुमच्या खिडक्यांवर फिरतोय. गेल्या महिन्यात एका कार्यालयाकडून लेखी उत्तर आलं: आपला व्यवसाय आरोग्य सेवा आस्थापना या संज्ञेत मोडत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

अर्ज निकाली निघाला. डबे तिथेच आहेत.

त्या कार्यालयाचं नाव मी इथे घेत नाही. दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात गेलो असतो तरी हेच उत्तर मिळालं असतं असं मला वाटतं, आणि खरी तक्रार तीच आहे. पण आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे साधूचा आव आणून लिहितोय असं कोणाला वाटायला नको.

२००९ साली बारावी झाल्यावर मी मामाच्या मागे जत्रा फिरायला लागलो. मामाचं सगळं सामान एका पत्र्याच्या पेटीत मावायचं. बॅटरी, मशीन, शाईची बाटली, लॅमिनेट केलेला नक्षीचा कागद (खंडोबा, त्रिशूळ, मोर, बदामात नाव) आणि पाण्याचा एक डालड्याचा डबा. या डब्याबद्दल सांगायला हवं. सकाळी त्यातलं पाणी स्वच्छ असायचं. एक गिऱ्हाईक झालं की मशीनची सुई त्यात बुडवून गर्रकन फिरवायची, मांडीवरच्या फडक्याला पुसायची आणि पुढचा हात धरायचा. दुपारपर्यंत पाणी काळंजांभळं व्हायचं आणि तळाला मऊ साका बसायचा. आम्ही त्याला शाईचा गाळ म्हणायचो. त्यात शाईशिवाय आणखी काय होतं हे आज सांगताना माझ्याच अंगावर काटा येतो. यात्रेच्या मुख्य दिवशी शंभरावर हात व्हायचे. सुई एकच. बोथट झाली की बदलायची, आणि बोथट झाली हे गिऱ्हाईक ओरडायला लागलं की कळायचं. शाई एका बाटलीच्या झाकणात ओतलेली, सगळ्यांना तीच. व्हॅसलिनच्या डबीत सगळ्यांसाठी तेच बोट.

मामा काही वाईट माणूस नव्हता. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, पितळी डबीतल्या काजळीने आणि दोऱ्याने बांधलेल्या सुयांनी निम्म्या तालुक्यातल्या बायकांची कपाळं नि हात गोंदले होते. तिलाही कोणी काही सांगितलं नव्हतं. २०१३ च्या गणपतीत मंडळाच्या शिबिरात मामाने रक्त दिलं आणि आठवड्याने रक्तपेढीतून फोन आला: हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी, यकृताला लागणारी कावीळ. तो कुठून आला हे कोणालाच सांगता येणार नाही. जत्रेत त्याच्या हाताला सुई कितीदा लागली असेल याचा हिशोब नाही. सकाळपासून बसलेल्या शंभर माणसांना तो मामाकडून गेला की त्यांच्याकडून मामाला आला, तेही कळायचा मार्ग नाही. २०१८ मध्ये राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून मामाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतात. त्याबद्दल मनापासून आभार. पण ज्या धंद्यातून हा आजार पसरू शकतो त्या धंद्याकडे त्याच खात्यातून आजवर एकही माणूस आलेला नाही.

मी मग पुण्याला एका चांगल्या कलाकाराकडे दोन वर्षं काढली, आधी लादी पुसली, मग शिकलो, आणि गावी येऊन दुकान टाकलं. एका माणसामागे दोन सुई-कार्ट्रिजं (सुई आत बसवलेली, मशीनला लावायची प्लास्टिकची नळी), शाईच्या टिकल्याएवढ्या वाट्या, तीन जोड हातमोजे, मशीनला नि दिव्याला गुंडाळायची प्लास्टिकची पट्टी, टेबलावरचा कागद. हे सगळं एकदा वापरून फेकायचं. माझं काम स्वच्छ झालं, आणि नेमका तिथेच मला गर्व झाला, कारण फेकायचं म्हणजे कुठे, याचा विचार मी केला नव्हता. सुया कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीत भरायचो, बूच घट्ट लावायचो, आणि काळ्या पिशवीत घालून घंटागाडीत द्यायचो.

गेल्या वर्षी श्रावणात एका सकाळी आमच्या गल्लीच्या घंटागाडीवरच्या मावशी दुकानापुढे थांबल्या. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी रक्ताचा थेंब होता आणि तो त्या पदराने टिपत होत्या. बाटली फुटली होती. माझी होती का? आमच्या रस्त्यावर दोन पार्लर आहेत, एक दवाखाना आहे, घरी इन्शुलिन घेणारी माणसं आहेत. ती सुई माझी होती की नाही हे मला आजही माहीत नाही, आणि ते मला कधी कळणारही नाही.

"काय न्हाय वो दादा, काट्यागत टोचलं," त्या म्हणाल्या आणि गाडी पुढे न्यायला लागल्या.

मी त्यांना स्कूटरवर बसवून सरकारी रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी जखम साबणाने धुवायला लावली, किती वाजता टोचलं ते विचारलं आणि समजावून सांगितलं: एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवी, जितकी लवकर तितकी बरी, आणि मग २८ दिवस रोज. हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का? मावशींनी माझ्याकडे बघितलं. एकवीस वर्षं कचरा उचलणाऱ्या बाईने ते नावच पहिल्यांदा ऐकलं होतं. लस तिथे सुरू झाली, इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे त्याच आजाराविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन मी बाहेरून आणलं. गोळ्या मावशींनी चहाच्या डब्यात लपवून घेतल्या, कारण पाकिटावरचं काही सुनेने वाचलं असतं तर घरात काय झालं असतं ते तुम्हीच ओळखा. दीड महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी तपासण्या झाल्या. सगळ्या चांगल्या आल्या. तपासणीच्या प्रत्येक दिवसाची मजुरी मात्र कापली गेली, त्या ठेकेदाराकडे आहेत.

माझं नाव या पत्राखाली नाही ते मावशींसाठी. आमचं गाव लहान आहे.

त्या दिवसापासून मी एकही सुई घंटागाडीत दिलेली नाही. म्हणून नऊ डबे.

आता तक्रारी. क्रमाने लिहितो, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली. आमच्या धंद्याला तुमच्याकडे नावच नाही. रस्त्यावर वडापावची गाडी लावायची तर अन्न परवान्याची नोंदणी करावी लागते, वर्षाचे शंभर रुपये भरून. ते योग्यच आहे. मी माणसाच्या कातडीत एक-दोन मिलिमीटर खोल, सेकंदाला कित्येक डझन वेळा सुई घालतो, आणि मला दुकान उघडायला काय लागलं? २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असले की नोंदणीसुद्धा नव्हती, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची. मी तो अर्ज भरला. त्यातून मला पावती मिळाली, हात धुवायला बेसिन आहे का, हे कोणी विचारलं नाही. उद्या तीन दिवसांचा कोर्स करून एखादं पोरगं (असे कोर्स आहेत, प्रमाणपत्रासकट) माझ्या शेजारी गाळा घेऊन बसलं, तर तुमच्या दृष्टीने आम्ही दोघं सारखेच.

गंमत म्हणजे खात्याच्या एका खिडकीला आम्ही चांगले माहीत आहोत. रक्तदानाच्या अर्जात विचारतात, वर्षभरात टॅटू काढला का? काढला असेल तर बारा महिने थांबा. म्हणजे आमच्याकडे येऊन गेलेल्या माणसाचं रक्त वर्षभर नको, इतका धोका मान्य आहे. आमच्याकडे कोणी डोकावायचं मात्र नाही.

दुसरी, सुयांची. जैववैद्यकीय, म्हणजे दवाखान्यांतल्या, कचऱ्याचे २०१६ चे नियम मी वाचले आहेत, दोनदा. रुग्णालयाच्या सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात जायच्या, डब्याला बारकोड, सामायिक प्रक्रिया केंद्राची (सगळ्या दवाखान्यांचा असा कचरा एकत्र नष्ट करणाऱ्या जागेची) गाडी येऊन न्यायची. नियम चांगले आहेत. पण त्यात कचऱ्याची व्याख्या निदान, उपचार, लसीकरण आणि संशोधन यांच्याभोवती बांधलेली आहे. टॅटू यातलं काहीच नाही. दुसरीकडे घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत घरगुती घातक कचरा म्हणून घरातल्या सुया-सिरिंजांचा उल्लेख आला. म्हणजे दवाखान्याच्या सुईला घर आहे, घरच्या सुईला घर आहे, आणि दुकानातली सुई बेघर. गाडीवाल्याकडे मी स्वतः डबा घेऊन गेलो होतो. "नोंदणी नंबर सांगा." नाही म्हटल्यावर त्याने डबा परत माझ्या हातात दिला. त्याचंही बरोबर होतं. खिडकीवरच्या साहेबांनी विचारलं, दवाखाना आहे का? नाही. मग बायोमेडिकल कशाला पाहिजे तुम्हाला? त्यांच्या पडद्यावरच्या यादीत 'टॅटू' हा पर्यायच नव्हता. शेवटी त्यांनी सुचवलं, ब्युटी पार्लर टाकू का?

सुया रुग्णालयातल्या असोत की माझ्या, त्यांच्यावरचं रक्त सारखंच असतं. हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात बाहेर सात दिवस तग धरतो. डागही दिसत नाही कधी कधी. रुग्णालयातल्या अपघातांवरून काढलेले आकडे डॉक्टरबाईंनी मला सांगितले होते: बाधित माणसाची सुई टोचली आणि लस घेतलेली नसली तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के, सी ची २ च्या आत, एचआयव्हीची ०.३. आमची सुई इंजेक्शनसारखी पोकळ नसते, त्यामुळे रक्त कमी राहतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण हा हिशोब कचरा उचलणाऱ्या बाईला सांगून तिची समजूत घालायची माझी हिंमत नाही.

तिसरी तक्रार आमच्याबद्दलच आहे, आणि आमची तपासणी न केल्याबद्दल तुमच्याबद्दल. गिऱ्हाईक शहाणं झालंय, 'सुई नवीन आहे ना?' म्हणून विचारतं. आम्ही पाकीट त्याच्यासमोर फाडतो, तो निश्चिंत होतो. पण जंतू नुसते सुईवरून जात नाहीत. कलाकार मध्येच त्याच हातमोज्याने मोबाइल उचलतो, दिव्याची मान वळवतो, हिरव्या साबणाच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली पकडतो. पुढच्या गिऱ्हाइकाला सुई नवी, फवारा तोच. स्वस्तातल्या कार्ट्रिजांना आत पातळ पडदा नसतो, त्यामुळे शाई-रक्ताचं मिश्रण उलटं मशीनच्या मुठीत शिरतं. कार्ट्रिज फेकलं, मूठ राहिली. ती मूठ सोलून आत बघायची सवय किती जणांना आहे? मी माझी पहिल्यांदा उघडली तेव्हा आत गंजासारखा तपकिरी थर होता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आणि तो निळा दिव्याचा डबा! काचेचं कपाट, आत जांभळा-निळा प्रकाश, बाहेर 'स्टरिलायझर' असा चकचकीत स्टिकर. सलूनवाल्यांकडेही हाच असतो. प्रकाश जिथे पडतो तिथलं काही मरत असेलही. नळीच्या आत, वस्तूच्या खालच्या बाजूला, वाळलेल्या रक्ताखाली तो पोहोचतच नाही. डेटॉलचं पाणी, स्पिरिट, लायटरवर तापवलेली सुई, उकळतं पाणी, यातलं कशानेही निर्जंतुकीकरण झालं असं म्हणता येत नाही. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो. म्हणजे घरच्या कुकरचाच थोरला भाऊ, १२१ अंश, १५ पौंडांचा दाब, पाकीटबंद वस्तू असेल तर अर्धा तास. त्याआधी वस्तू घासून धुतलेली हवी, नाहीतर वाफेने रक्त नुसतं शिजून बसतं. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे उष्णता लागली एवढंच कळतं. जंतू खरोखर मेले का हे बघायला बीजाणूंची (सहज न मरणाऱ्या चिवट जंतूंची) पट्टी आत ठेवून प्रयोगशाळेत द्यावी लागते. हे मला कोणी सरकारी माणसाने शिकवलेलं नाही. परदेशी कलाकारांचे व्हिडिओ बघून आणि एका दाताच्या डॉक्टरांच्या मागे लागून शिकलो. मराठीत याचं एक पानसुद्धा आमच्या हातात कोणी दिलेलं नाही.

चौथी, शाईची. २०११ च्या अखेरीला अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात एकाच टॅटूवाल्याच्या १९ गिऱ्हाइकांच्या अंगावर चिवट लाल पुरळ उठलं. शोध घेतला तर क्षयाच्या जंतूच्या कुळातला एक जंतू शाईत निघाला, न उघडलेल्या बाटलीतसुद्धा. करडी छटा यावी म्हणून ती तयार करतानाच पाण्याने पातळ केलेली होती. म्हणजे कलाकार कितीही स्वच्छ असला तरी बाटलीतून आजार येऊ शकतो. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून शाईतल्या चार हजारांहून जास्त रसायनांवर बंधनं घातली. आपल्याकडे नामांकित कंपनीच्या नावाची बाटली चौथ्या हिश्श्याच्या किमतीत मिळते, त्यावर बॅच नंबर नसतो, मुदत नसते, आणि लेबलवर कंपनीच्या नावाचं स्पेलिंगही कधी कधी चुकलेलं असतं.

कायदा नाही असं याबाबत मला सांगू नका. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या बघा: अंगाला चोळायच्या, ओतायच्या, शिंपडायच्या वस्तू, आणि शरीरात घालायच्यासुद्धा, रूप खुलवायला किंवा बदलायला. टॅटूची शाई आणखी काय करते? मी वकील नाही. पण व्याख्येचा दरवाजा उघडा असताना आत जायचं की नाही हे अन्न व औषध प्रशासनाने एकदा स्पष्ट सांगावं, एवढी अपेक्षा चूक नाही.

पाचवी, जत्रा. हे मला सगळ्यात जिव्हाळ्याचं. जत्रेत आजही मामाचा तो डबा आहे. माणसं बदलली, डबा तोच. दहा-बारा वर्षांची पोरं आईचं नाव काढून घेतात, नवरा-बायको एकमेकांची. जागेची पावती फाडणारा माणूस दिवसातून दोनदा येतो, पैसे घेतो, त्या पाण्याकडे बघतो आणि पुढे जातो. त्याला दोष नाही, पाण्याकडे बघायचं त्याच्या कामात लिहिलेलं नाही. पन्नास रुपयांत नाव काढणाऱ्या माणसाला माझ्यासारखा दीड-दोनशेचा फेकायचा माल परवडणार नाही हे उघड आहे. त्याला हाकलून द्या असं मी म्हणत नाही. माझी आजी तीच होती. न्यूयॉर्क शहराने १९६१ मध्ये हिपॅटायटिसच्या कारणाने टॅटूवर बंदीच घातली आणि ती १९९७ पर्यंत ठेवली. टॅटू काही थांबले नाहीत, घराघरांत आणि दार बंद करून निघत राहिले. आपल्याकडे बंदी आली तर पत्र्याची पेटी लॉजच्या खोलीत जाईल, आणि तिथे डबा कोणाला दिसणारही नाही.

पार्लरमधल्या भुवया आणि ओठांच्या 'परमनंट' रंगकामाबद्दल वेगळं लिहीत नाही, ते टॅटूच आहे, नाव गोड ठेवलंय इतकंच. कान-नाक टोचायच्या बंदुकीबद्दल मात्र एक वाक्य: ती बहुतेकदा प्लास्टिकची असते, ऑटोक्लेव्हमध्ये घातली तर वितळते, आणि तीच बंदूक दिवसभर तान्ह्या पोरांच्या कानांवरून फिरते.

आमच्यातल्याच काही जणांना हे पत्र आवडणार नाही. ग्रुपवर मी मसुदा टाकला तेव्हा एकाने लिहिलं, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोयस, उद्या इन्स्पेक्टर येईल आणि हप्ता बांधून जाईल. त्याची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. म्हणूनच खाली जे मागतोय ते असं मागतोय की तपासणी कागदावर, सर्वांना दिसेल अशी व्हावी. दुसऱ्याने विचारलं, जत्रेतल्यांना सोडून आम्हालाच का? त्याला उत्तर वर दिलंय.

मागण्या अशा.

टॅटू, परमनंट मेकअप आणि टोचण्याचं काम करणाऱ्या प्रत्येक जागेची महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे वेगळी नोंदणी करा. फी वडापावच्या गाडीइतकीच ठेवा. दुकान उघडण्याआधी एक तपासणी, नंतर वर्षातून एक, न सांगता. काय तपासणार त्याची यादी आधी जाहीर करा: वाहत्या पाण्याचं बेसिन, पाकिटावर मुदत असलेली सुई, बीजाणू चाचणीचा कागद, सुयांचा डबा, मशीनची मूठ उघडून. निकाल दुकानाच्या दारावर चिकटवा, नापास झालो तरी.

नोंदणी झालेल्या जागांच्या सुया जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीत घ्यायची सोय करा. व्याख्या बदलायला वेळ लागणार असेल तर तोवर प्रत्येक वॉर्डातल्या महापालिका दवाखान्यात बंद डबे जमा करून घ्यायचा साधा आदेश काढा. पैसे आम्ही भरू.

घंटागाडीवरच्या प्रत्येक कामगाराला, ठेकेदाराकडच्यासुद्धा, हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस फुकट द्या आणि सुई टोचल्यावर कुठे जायचं ते त्यांना तोंडी, त्यांच्या भाषेत सांगा. तपासणीच्या दिवशी मजुरी कापायची नाही. टॅटूवाल्यांना लस सक्तीची करा, ती आम्ही विकत घेऊ.

जत्रेच्या जागेच्या पावतीला अटी जोडा: दर माणसाला नवी सुई, नवी शाईची वाटी, हातमोजे, डबाभर पाणी बंद, अठरा वर्षांखाली नाही. आणि हे परवडावं म्हणून यात्रेच्या दिवसांत आरोग्य पथकाच्या तंबूतून पाकीटबंद सुया आणि वाट्या घाऊक दरात द्या. वापरलेली सुई परत दिल्याशिवाय नवी नाही. ज्या तंबूत उलटी-जुलाबाचं औषध ठेवता, तिथेच एक टेबल वाढवायचं आहे.

एक दिवसाचं प्रशिक्षण, मराठीत, हातात वस्तू घेऊन. शिकवायला मी फुकट येईन, माझ्यासारखे आणखी चार-पाच येतील हे विचारून ठेवलंय.

आणि शाईच्या बाटल्यांचे नमुने बाजारातून उचलून तपासा.

यातली लस, वॉर्डातल्या दवाखान्याचा आदेश आणि जत्रेच्या पावतीवरच्या अटी यांना विधानसभेची वाट बघावी लागणार नाही असं मला वाटतं. बाकीच्याला लागला तर वेळ लागू दे.

या आठवड्यात दहावा डबा भरत आलाय. पोटमाळ्यावर आता जागा नाही, तो जिन्याखाली ठेवावा लागेल, आणि माझी मुलगी तिथे खेळते. सगळे डबे बंद आहेत, वर तारखा आहेत, उचलायला मी स्वतः येईन. कोणत्या खिडकीवर आणायचे तेवढं कळवा.

आपला,
एक टॅटूवाला